सर्वानुमते बंद

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या त्या सपाट पट्ट्यात नॉर्वेहून आलेल्यांच्या नातवंडांची वस्ती. माणसं भली, पण स्वतःला काय हवंय हे तोंडाने सांगणं त्यांना चारचौघांत जांभई देण्याइतकं लाजिरवाणं वाटे. एल्डन ट्वेट त्यांच्यातलाच. बायको लिलास गेली तेव्हा "जरा सुनं वाटतं," एवढंच तो म्हणाला होता, आणि तेही बोलून गेल्यावर त्याला फार झाल्यासारखं वाटलं होतं.

लिलास चर्चमागच्या दफनभूमीत होती. शेजारची जागा एल्डनची. आपली शवपेटीही याच चर्चच्या दारातून निघावी, तालुक्याच्या गावातल्या अंत्यविधीच्या त्या गालिचावाल्या शोकगृहातून नव्हे, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

त्या इच्छेपायी त्याने गोठा मोडला. आजोबांनी बांधलेला, वर गवताचा माळा असलेला लाल गोठा. गाई केव्हाच गेल्या होत्या. आजूबाजूची शेतं एकाच बड्या मालकाकडे जमा झाली होती आणि बांधावरची झाडं त्याच्या यंत्रांना वळायला अडचण नको म्हणून तोडली होती. जुन्या फळ्या मिनियापोलिसच्या एका हॉटेलवाल्याने नेल्या. त्या भिंतींवर ठोकून तो गिऱ्हाइकांना खेड्यात जेवल्याचा भास देणार होता. त्या पैशांतून चर्चवर नवे पत्रे आले. कोणी विचारलंच, तर एल्डन म्हणे, "नाहीतरी वाऱ्याने पडलाच असता."

त्या शरदात उपासनेनंतर चर्चच्या तळघरात वार्षिक सभा भरली. चर्च चालू ठेवायचं, की बंद करून इमारत पाडायची? जी काही डोकी उरली होती ती कॉफी घेऊन बसली.

"बोला," पास्टरबाई म्हणाल्या. त्यांना अजून दुसऱ्या गावी उपासना घ्यायची होती.

शेवटी खजिनदार लव्हर्न खाकरला. "म्हणजे, काय आहे, गवत कापायला एल्डन, थंडीत चर्च गरम ठेवणारी भट्टी पेटवायलाही एल्डन. आता त्याला सुटका हवी असेल, तर आपण आड येऊ नये."

एल्डनने त्याचा अर्थ लावला तो असा: ही मंडळी कंटाळलीत आणि भिडेपोटी माझं नाव पुढे करताहेत.

"माझ्यामुळे कोणी अडकून राहू नये," तो म्हणाला.

"बघा, तोच म्हणतोय," शेजारी बसलेली अर्डिस हलकेच म्हणाली.

मतदान झालं. लोकांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे, म्हणून एल्डनचा हात सगळ्यांत आधी वर गेला. पास्टरबाईंनी 'सर्वानुमते' असं लिहून घेतलं, सगळ्यांचे हात हातात घेतले आणि त्या गाडीत बसून गेल्या.

"खरं सांगू, एल्डन?" कप गोळा करता करता अर्डिस म्हणाली. "मला वाटलं, तू नाही म्हणशील. नाताळच्या लेफ्सेच्या पोळ्यांसाठी बटाटेसुद्धा आणून ठेवलेत मी."

"मी कशाला नाही म्हणू? दमलात तुम्ही."

"आम्ही? अरे, आम्ही तुझ्यासाठी हात वर केले!"

"मी तर नुसता विषय काढला," लव्हर्न टेबलाकडे बघत म्हणाला. "कोणीतरी नाही म्हणेल, असं धरून चाललो होतो."

"छान! म्हणजे बंद कोणालाच करायचं नव्हतं." अर्डिस मटकन बसली. "पास्टरबाईंना फोन करू या का?"

"त्या गाडी चालवत असतील. शिवाय सगळं लिहून झालंय, आता बिशपना कळवतील. फिरवायचं म्हणजे त्यांना केवढा त्रास," लव्हर्न म्हणाला. पण बघत होता एल्डनकडे. सगळेच बघत होते.

मला शेवटचं इथूनच जायचंय, एवढंच एल्डनला म्हणायचं होतं. दफनभूमी राहणार होती, जाणार होतं ते दार. पण ते मागणं स्वतःसाठी होतं, आणि तेही एवढ्या लोकांसमोर.

"नको," एल्डन म्हणाला. "उगाच कशाला त्यांना त्रास."

"तेही खरंच म्हणा," अर्डिस म्हणाली आणि तिने न विचारता त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. एल्डनला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. तो कॉफी प्यायला.