सूनबाई कौन्सिलला उभी राहिली

निवडणूक एका दिवसात संपते. किस्से संपत नाहीत. आमच्या गॅरेजमध्ये चार माणसं जमली की कुणीतरी सुरू करतंच, "तो बुटांचा सांगा ना!" मग बुटांचा होतो, लिंबाचा होतो, आणि चहा गार होतो. सगळे हसतात. तेव्हा हसत नव्हतो. तेव्हा आम्ही घाबरलो होतो. ते कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

मी सातवी शिकलो. इस्लामपुरात पिठाची गिरणी चालवली आणि मुलाला इंजिनियर केलं. बायको गेल्यावर मुलानं, नितीननं, मला इकडं अमेरिकेत आणलं, मॉरिसव्हिलजवळच्या एका लहान गावात. त्याची बायको मंजिरी. शाळेजवळच्या वळणावर फुटपाथ हवा म्हणून ती टाउन कौन्सिलच्या मीटिंगांना जायची. टाउन कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका. गटार, कचरा, रस्ते. फुटपाथ काही मिळेना. एक दिवस ती जेवताना म्हणाली, "मीच उभी राहते."

नितीनचा घास हातातच राहिला. "अगं, दिवस कसे आहेत! आपले लोक दारावरचं नाव काढून ठेवतायत, आणि तू चौकाचौकात लावणार?"

"हो," ती म्हणाली.

मला अभिमान वाटला. भीतीही वाटली. ती मी दाखवली नाही.

*

प्रचाराचं ऑफिस म्हणजे आमचं गॅरेज. माणसं पाच. मंजिरी, नितीन, मी, देशमुख आणि शोभाताई. देशमुख नागपूरचे, रिटायर्ड हेडमास्तर, मुलाकडं व्हिजिटर व्हिसावर आलेले. शोभाताई पुण्याच्या, पण इथं जन्म घालवलेल्या, मंजिरी-नितीनसारख्या सिटिझन.

पहिल्या शनिवारी देशमुख आणि मी घरोघर निघालो. मंजिरी समोरच्या बाजूची घरं करत होती. एका घराच्या पायऱ्या चढलो, बूट काढले, कडेला नीट लावले आणि बेल दाबली. कुणाच्या दारात बूट घालून उभं राहायची आम्हाला सवय नाही.

दार उघडलं नाही. बेलच्या कॅमेऱ्याच्या डबीतून एका माणसाचा आवाज आला, "बूट का काढले?"

मला इंग्रजी थोडं समजतं, बोलता येत नाही. देशमुखांनी हेडमास्तरांच्या आवाजात उत्तर दिलं, "फॉर रिस्पेक्ट!"

आत कुत्रं भुंकलं. मोठं होतं. आवाज म्हणाला, "बूट घाला. हळू. हात दिसू द्या."

हात दिसू देऊन बूट कसे घालायचे? मी खाली वाकलो की आवाज चढायचा, "हात!" देशमुखांच्या बुटाला नाड्या होत्या. शेवटी बूट काखेत मारून आम्ही मोज्यांवर रस्त्यापर्यंत आलो. पळालो नाही. पळणाऱ्यावर लोक गोळी चालवतात असं नितीननं सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी मंजिरीनं कॉलनीच्या ग्रुपवरची पोस्ट वाचून दाखवली. खाली आमचा फोटो होता. "सावध राहा. माझ्या पोर्चवर दोन म्हातारे कपडे उतरवायला लागले होते. बुटांपासून सुरुवात केली होती!"

*

प्रचाराच्या पाट्या लोकांच्या हिरवळीवर टोचतात. रोज सकाळी आमच्या दोनतीन गेलेल्या असायच्या. समोरच्या उमेदवाराच्या जागच्या जागी. फक्त आमच्याच.

शोभाताई म्हणाल्या, "दृष्ट लागलीय पोरीला." त्यांनी प्रत्येक पाटीला लिंबू-मिरची बांधली. काळा दोरा, मध्ये बिब्बा नाही म्हणून कोळसा.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आमच्या दारात. नितीन पांढराफटक पडला. कुणीतरी फोन केला होता की पाट्यांना संशयास्पद वस्तू लटकवल्या आहेत. पोलिसानं हातमोजे घातले होते. त्यानं एक लिंबू लांब धरलं आणि विचारलं, "हे काय करतं?"

मंजिरी म्हणाली, "काही नाही. ते लिंबू आहे."

"मग कशाला लावता?"

"पाट्या चोरीला जाऊ नयेत म्हणून."

त्यानं वहीत काहीतरी टिपलं. "मग थांबल्या का चोऱ्या?"

शोभाताईंनीच उत्तर दिलं. "पाट्या नेल्या मेल्यांनी. लिंबू-मिरची तेवढी सोडून गेले!"

पोलीस हसला. आम्ही नाही. म्हणजे नेणाऱ्याला ते काय आहे हे ठाऊक होतं. की त्यालाही त्याची भीती वाटली होती? मी अजून ठरवू शकलो नाही.

*

देशमुख पासपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात बांधत. आंघोळीला जातानाही काढत नसत. मी हसायचो. मग टीव्हीवर इमिग्रेशनचे लोक माणसं उचलून नेताना पाहिले, आणि माझं ग्रीन कार्ड मी बंडीच्या खिशात ठेवू लागलो.

एके दुपारी गॅरेजच्या दारासमोर पांढरी व्हॅन उभी राहिली. काचा काळ्या. कुणी उतरेना. नितीननं दिवा घालवला. "खाली बसा सगळे!" पाट्यांच्या ढिगामागं आम्ही पाच जण लादीवर बसलो. माझे गुडघे वाजले तेवढाच आवाज. शोभाताई सिटिझन, पण त्याही बसल्या. मी विचारलं, "तुम्ही का?" त्या कुजबुजल्या, "त्यांना काय माहीत, भाऊ?"

कुणीतरी दार ठोठावलं. देशमुखांना सहन झालं नाही. ते उठले, दार उघडलं, गळ्यातली पिशवी बाहेर काढून वर धरली आणि ओरडले, "व्हॅलिड! व्हॅलिड!"

बाहेरच्या माणसाच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. तो दोन पावलं मागं सरकला. म्हणाला, "सर, मुंग्यांची तक्रार तुमच्याकडूनच होती ना?"

*

उमेदवारांची सभा लायब्ररीत झाली. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतला एक आडदांड माणूस उठला. मंजिरीला विचारलं, "बाई, तुम्ही इथं कधी आलात? तुमचं इमान कुणाशी?"

मंजिरी म्हणाली, "मी आले तेव्हापासून तुमच्या रस्त्याचं गटार तुंबलेलं आहे. पावसात पाणी तुमच्या तळघरात शिरतं. माझं इमान त्या गटाराशी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माणूस बसला नाही. सभा संपल्यावर तो आमच्या मागोमाग पार्किंगमध्ये आला. नितीन भरभर पुढं. आम्ही गाडीपाशी पोचलो तर खट्! नितीन आत, गाडी लॉक. मंजिरी आणि मी बाहेर, आणि तो माणूस हातभरावर.

त्यानं मंजिरीला विचारलं, "तळघराचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बायकोनं. दारावर गेले होते तेव्हा."

तो वळला आणि निघून गेला. मंजिरीनं काचेवर टकटक केलं. "नितीन, उघड. तुझं मत अजून व्हायचंय!"

*

फोन पुढं सुरू झाले. पाट्यांवर मंजिरीचा नंबर होता. संध्याकाळी एका पुरुषाचा फोन यायचा. आवाज मऊ, सावकाश, घरातल्या माणसासारखा. पहिल्या वेळी तिनं स्पीकर लावला. तो बोलला आणि त्यानं फोन ठेवून दिला. नितीननं मला मराठीत सांगितलं, "तुमचं दार लाल आहे म्हणाला. मागं झोपाळा आहे म्हणाला. नाव मागं घ्या म्हणाला."

"आणखी एक वाक्य होतं," मी म्हणालो.

"काही नाही, बाबा."

मंजिरी म्हणाली, "बाबा, तुमच्याबद्दल होतं. म्हातारा सकाळी झाडांना पाणी घालतो, असं."

पोलिसांना कळवलं. नंबर सापडला नाही. नितीन म्हणाला, "विथड्रॉ कर, यार. प्लीज." तेव्हा मतपत्रिका छापून झाल्या होत्या. मंजिरीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "मी उद्याही पाणी घालणार." घातलं. निम्मं माझ्या पायावर सांडलं.

देशमुखांना हे सांगितलं तर ते फुरंगटले. "एकच म्हातारा म्हणाला? रोज सकाळी मी तुमच्या बाजूला उभा असतो ना, जी!"

मग त्यांच्या काय लक्षात आलं कोण जाणे. त्या दिवसापासून सकाळी आले नाहीत.

*

मतदानाच्या दिवशी नितीननं मला बजावलं, "बाबा, तुम्हाला मत नाही. चुकून दिलंत तर हाकलून देतील." मी म्हणालो, "मला कळतं." गावाकडं मी रिक्षानं म्हाताऱ्यांना मतदानाला नेत असे. इथं शोभाताईंना हाताला धरून नेलं. त्या आत गेल्या, मी दाराबाहेर थांबलो. त्या आल्या, परत निघालो.

गाडीत बसताना नितीननं माझ्या शर्टाकडं पाहिलं. माझ्या छातीवर स्टिकर! मत दिलं, असं लिहिलेलं. मत देणाऱ्यालाच तो मिळतो.

"बाबा, तुम्ही काय केलंत?"

"मी उभा होतो!"

त्यानं तो ओरबाडून काढला. बारीक तुकडे केले. एक तुकडा पेट्रोल पंपाच्या कचऱ्यात, एक दुकानाच्या, उरलेले गटारात. माझ्या डोळ्यांसमोर विमान दिसत होतं. परतीचं.

शोभाताई मागच्या सीटवर सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अरे, माझा होता तो. सिल्कच्या साडीला चिकटेना, म्हणून भाऊंच्या शर्टाला लावून ठेवला. जपून!"

*

मंजिरी निवडून आली. थोड्या मतांनी, पण आली. पेढे वाटले. फोन आता थांबतील, असं नितीन दहा वेळा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात वॉल्टर. हरलेला उमेदवार, कौन्सिलचा जुना मेंबर. पाठीत वाकलेला, माझ्याच वयाचा. मंजिरीनं त्याला आत घेतलं, चहा दिला. नितीन मला एकेक वाक्य मराठीत सांगत होता.

वॉल्टरनं अभिनंदन केलं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "तो तुम्हाला फोन करतो का? मऊ आवाजाचा?"

मंजिरीनं होकारार्थी मान हलवली.

"मला दर निवडणुकीनंतर करायचा. माझं दार हिरवं आहे, ते सांगायचा. बायको दुपारी कुठल्या खोलीत झोपते, तेही. या वेळी मी पडलो. काल रात्री मी झोपलो. फार वर्षांनी झोपलो."

मंजिरीनं विचारलं, "तुम्ही काय करायचात?"

"उचलायचो. आणि मेंबरनं विचारावं तसं विचारायचो, तुमचा रस्ता कुठला? मग तो ठेवून द्यायचा. एकदाही सांगितला नाही."

तो कोट घालत होता, तेवढ्यात मंजिरीचा फोन वाजला. तिनं स्क्रीन पाहिली. नितीन म्हणाला, "नको उचलू." वॉल्टर दारातच थांबला.

तिनं उचलला. कानाला लावला. त्याचं बोलणं ऐकून घेतलं. मग सरळ बसून म्हणाली, "विच स्ट्रीट, सर?" एवढं इंग्रजी मला कळतं.

तिनं उत्तर ऐकलं. फोन मांडीवर ठेवला.

नितीननं विचारलं, "ठेवला ना त्यानं?"

"नाही," मंजिरी म्हणाली. "रस्ता सांगितला. आपलाच आहे."