सगळ्यात मोठी बॅटरी

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या नव्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. त्यामुळं घराघरात एकच अक्कल उरली होती, जे घ्यायचं ते मोठं घ्यायचं. टाकी मोठी, ड्रम मोठा, बादलीसुद्धा मोठी. गाडीची बॅटरी बसली तेव्हा मी तीच अक्कल घेऊन दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "साहेब, जुनी आणून दाखवा. तिच्यावर नंबर असतो, तसलीच बसती."

"नाय, सगळ्यात मोठी द्या."

घरी आणली तर ती जागेवर मावेना, वायरी पोचेनात. परत करायची सोडून मी वायरी ताणल्या, सायकलच्या ट्यूबनं बॅटरी आवळली, आणि वर निर्लज्जासारखं बॉनेट उघडून शेजाऱ्यांना दाखवली. त्यांनीही माना डोलावल्या. शी!

पाचोडच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब तुटली, वायर निखळली, गाडी बंद. मागून पाण्याचा टँकर हॉर्न मारत होता, आणि मला माझीच किळस आली. घरी गच्चीवर, आठवड्याच्या पाण्यानं जेमतेम तळ भिजणारी दोन हजार लिटरची टाकी सहा दिवसांपासून ठणठणीत कोरडी होती, आणि तरी तिच्याकडं मी रोज मान वर करून कौतुकानं बघत होतो.