गाडीला दिलेली खोली

आमच्या गोठ्यात आता विद्यार्थिनी राहतात. असं म्हटलं की सासरची माणसं चिडतात, पण खरं ते खरं. आटगावजवळ फार्मसीचं कॉलेज आलं, बाहेरगावच्या मुली खोल्या शोधत दारोदार फिरायला लागल्या, तेव्हा आम्ही उरलीसुरली गुरं विकली, गोठ्याच्या भिंती वर घेतल्या, लाद्या बसवल्या आणि ओळीने चार खोल्या काढल्या. समोर भात झोडायचं खळं होतं. हल्ली भात मशिनवर शेतातच निघतं, त्यामुळे खळ्यावर कॉलेजच्या पोरापोरींच्या गाड्या लागतात. एका बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथे आमच्या घरच्या गाड्या.

या सगळ्याचा कारभार माझ्याकडे. नवरा वाशिंदच्या कारखान्यात, तो सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो. मी नियम स्वतःच्या हाताने लिहून प्रत्येक दारामागे चिकटवले होते. खोल्या फक्त मुलींना. एका खोलीत दोघीच. गाडी तिरकी लावू नये. मुली ‘काकू, काकू’ करायच्या आणि मला ते फार आवडायचं. मी ज्याला त्याला सांगायचे की आम्ही कुणाला जातपात विचारत नाही. खरंच विचारत नव्हते. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली की आडनाव दिसतंच.

माझं माहेर टोकावड्याच्या पुढे, रस्त्यापासून आत. मागल्या पावसाळ्यात तिथून भावाचा फोन आला. आमच्या गावाबाहेरच्या आदिवासी वाडीतल्या एका मुलीचा नंबर आमच्याकडच्या फार्मसी कॉलेजात लागला होता.

“सरकारी हॉस्टेलच्या यादीत नाव नाय आलं तिचं,” भाऊ म्हणाला. “तुझ्याकडं खोली असंल तर दे. फुकट नाय मागत ती मानसं, भाडं देतील.”

मुलीची आई माझ्या वयाची, माझ्याबरोबर चौथीपर्यंत एका बाकावर बसलेली. तिचे आईवडील आमच्या शेतावर लावणीला, कापणीला यायचे. शाळेच्या वाटेवर ओढा होता. पाणी चढलं की ती मला पाठीवर घ्यायची, कारण ती उंच होती आणि मी भित्री. चौथीनंतर ती आईवडिलांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायला लागली आणि शाळा सुटली. मी पुढे मुरबाडला कॉलेजात गेले, आत्याकडे राहिले. खोली शोधायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

“पाठव की,” मी भावाला म्हटलं. “आपल्याच माणसांची पोर.” हे मी मनापासून म्हटलं होतं. फोनवर माझं मन नेहमीच मोठं असतं. चार खोल्यांपैकी कोपऱ्यातली एक रिकामी होती. ती मी दुसऱ्या दिवशी झाडून घेतली, जाळ्या काढल्या, पंखा पुसला.

रविवारी मायलेकी आल्या. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. मुलीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची फाइल. आईने पदराखालून एक पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यात कंटोळी होती, डोंगरावर फिरून वेचलेली.

“माहेराची भाजी हाय गो बाय,” ती म्हणाली, आणि मुलीला सांगितलं, “मावशीच्या पाया पड.”

मी त्यांना पडवीत खुर्च्यांवर बसवलं. पाहुण्यांचे कप काढून चहा दिला. ते कप काढताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं, आता काय लपवायचं! समोरच्या ओट्यावर माझ्या चुलत सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, “कोन गो पाव्हनी?”

“माहेरची,” मी म्हटलं.

“माहेरची कंची?”

एवढंच. त्यांना कदाचित खरोखरच ओळख हवी असेल. मी हसून वेळ मारून नेली. पण माझ्या डोक्यात गिरणी सुरू झाली. चारही खोल्यांचं न्हाणीघर एक. पाण्याचा नळ आमच्या तुळशीपाशी. सणावाराला भावकी घरी येणार. बाकीच्या मुलींचे आईबाप जळगाव-धुळ्याकडचे, त्यांना हे कळलं तर काय म्हणतील? कुणी काहीही म्हटलेलं नव्हतं. सगळी बोलणी मीच माझ्या डोक्यात त्यांच्या तोंडी घालत होते.

चहा संपला. ती म्हणाली, “खोली दावतेस ना, बाय?”

“अगं, खोली कालच गेली,” मी म्हटलं. “तुमच्या आधी एक दिवस.” जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मुलीने ओळीच्या टोकाला पाहिलं. कोपऱ्यातल्या खोलीचं दार मीच सकाळी वाऱ्यासाठी उघडं ठेवलं होतं. आतली रिकामी लादी पडवीतून दिसत होती.

“मावशी, मग ती कोपऱ्यातली?” तिने विचारलं.

“ती होय? ती गाडीला ठेवलीय. पावसाने गंजते गं.”

गाडी, म्हणजे माझी स्कूटी, शेडमध्ये उभी होती. कोरडी ठणठणीत. आम्ही तिघींनीही तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या मैत्रिणीनेच मला सोडवलं.

“गाडीला आडोसा नको का?” ती मुलीला म्हणाली. “येवढी म्हागाची वस्तू. मावशी काय मुद्दाम करंल का?”

मी म्हटलं, आजूबाजूला विचारून ठेवते. कुणाकुणाला विचारणार तेही सांगितलं. त्या दोघी शहापूरच्या रिक्षात बसेपर्यंत मी रस्त्यावर उभी राहून हात करत होते. नंतर मी कुणालाही विचारलं नाही. भाजी मात्र ठेवून घेतली, आणि संध्याकाळी केलीही.

खोटं एकदा बोललं की त्याची सोय लावावी लागते. त्याच संध्याकाळी मी उंबऱ्याला फळी लावून स्कूटी कोपऱ्यातल्या खोलीत ढकलली आणि बाहेरून कुलूप घातलं. नवरा रविवारची पाळी करून आला तर शेड रिकामी.

“गाडी खोलीत कशाला नेलीस?” त्याने विचारलं.

“उंदीर वायर खातात,” मी म्हटलं.

“मंग खोली कुनाला देनार नायस?”

“बघू पुढे,” म्हणून मी पोळ्या लाटायला घेतल्या. त्याने पुढे विचारलं असतं तर मी भांडलेच असते. माझी चूक असली की माझा आवाज चढतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या दोघी मुली आल्या. याच त्या जळगाव-धुळ्याच्या, ज्यांच्या आईबापांची मला एवढी काळजी पडली होती.

“काकू, काल आमच्या वर्गातली मैत्रीण आली होती ना?” एकीने विचारलं. “तिला आम्हीच सांगितलं होतं की खोली रिकामी आहे.”

“ती गाडीला लागते,” मी म्हटलं.

“मग आमच्या खोलीत घेऊ का तिला? आम्हाला तिघी चालतील.”

तेव्हा मला सगळं निस्तरता आलं असतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. उलट मी दारामागच्या कागदाकडे बोट दाखवलं. एका खोलीत दोघीच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांचं ‘काकू’ कमी झालं.

त्यानंतर रोज सकाळी मी कुलूप काढायचे, आणि लादी, खिडकी, पंखा असलेल्या खोलीतून माझी गाडी बाहेर काढायचे. पेट्रोलचा वास कोंडलेला असायचा. स्टँडखाली तेलाचा डाग पडला होता. खोलीसाठी फोन येत राहिले आणि मी ‘नाही’ म्हणत राहिले, कारण आता ती दुसऱ्या कुणाला दिली असती तर गावभर झालं असतं. मला लाज वाटत होती. पण ती लाज केल्या गोष्टीची कमी आणि उघडं पडण्याची जास्त होती, हेही आता सांगून टाकते.

मुलगी रोज घरून येत होती. टोकावड्याहून एस्टीने मुरबाड, तिथून दुसरी गाडी पकडून शहापूर, मग आटगावला शेअर रिक्षा. नाक्यावर ती मला अधूनमधून दिसायची. एकदा भर पावसात ती छत्री उलटी झालेली सावरत चालली होती. मी स्कूटीवर होते आणि मी तिला न पाहिल्यासारखं केलं. पुढच्या खेपेला मी दिसताच तिनेच मान फिरवली. मला अवघड होऊ नये म्हणून तिने तसं केलं, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही.

सकाळचं पहिलं प्रॅक्टिकल तिचं बहुतेक वेळा बुडायचं. दिवाळीच्या आधी शेजारच्या मुली नळावर कपडे धूत होत्या, मी पाणी भरत होते. “हजेरी कमी पडली म्हणून तिला दोन विषयांना बसू देत नाहीत,” एकजण दुसरीला म्हणाली. मला मुद्दाम सांगितलं नाही, पण मला ऐकू जाईल इतकं मोठ्याने सांगितलं. मी भरलेली कळशी उचलून घरात गेले.

परीक्षा झाल्यावर दोघींनी माझी खोली सोडली. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. त्यांनी मराठी शाळेमागच्या आळीत दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तिसरी म्हणून तिला बरोबर घेतलं. घर बरं होतं, फक्त गाडी लावायला जागा नव्हती. म्हणून त्यांतली एक येऊन विचारून गेली, गाडी तुमच्याच खळ्यावर लावली तर चालेल का? मी चालेल म्हटलं.

थंडीतली एक सकाळ. मी खळं झाडत होते आणि ती एकटीच आली, मैत्रिणीची गाडी न्यायला. गाडी चालवायला ती नव्यानेच शिकली असावी, स्टँड काढताना जरा धडपडली. मी झाडू टाकून तिच्यापाशी गेले.

“दोन खोल्या रिकाम्या आहेत बघ,” मी म्हटलं. “तू ये राहायला. हवं तर तिघी या.”

“नको मावशी. आमचं बरं चाललंय तिथं.”

“त्या दिवशीही खोली होती गं,” मी म्हणाले. “मी खोटं बोलले तुमच्याशी.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. रागाने नाही. कॉलेज कुठे आहे विचारल्यावर सांगावं तसं.

मला रडू यायला लागलं, आणि रडता रडता हलकंही वाटायला लागलं. मी घाईघाईने म्हटलं, “संक्रांतीला मी माहेरी जाणार आहे. तुझ्या आईला सगळं सांगते. तिची माफी मागते.”

तिने चालू केलेली गाडी बंद केली.

“तिला नका सांगू मावशी,” ती म्हणाली. “दोन विषय का राहिले म्हणून वाडीत कुणी विचारलं की ती सांगते, ‘तिकडं माझी मैत्रीण आहे, तिच्याकडं जागाच नव्हती, नायतर तिनं ठेवून घेतलं असतं.’ शाळेतली तिची एकच मैत्रीण आहे. ती तिला राहू दे.”

मी ‘बरं’ म्हटलं. ती गाडी घेऊन गेली.

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा मैत्रीण मला भेटायला वाडीतून चालत आली. आम्ही अंगणात बसलो, मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, “पोरगी तिकडं एकटी हाय, पन तू हायस म्हनून मना घोर नाय. लक्ष ठेव गो तिच्यावर.”

मी म्हटलं, “ठेवते.”