परत येणारं पाकीट

आमच्या परिषदेत अध्यक्षांचं मानधन चेकनं द्यायचं, हा ठराव माझा. इतिवृत्तात त्याचं कारण 'हिशेबाच्या सोयीसाठी' असं लिहिलेलं आहे. लिहिणारी मीच, त्यामुळे ते कारण खरं नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

परिषद म्हणजे आमच्या भागातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांची संस्था. वर्षातून एक अधिवेशन, त्यात वाचलेल्या निबंधांचा एक अंक आणि उरलेलं वर्ष एकमेकांवरचे रुसवेफुगवे. मी इतिहासाची नाही. मी कॉमर्सच्या मुलांना बुककीपिंग शिकवायची. एवढ्या सगळ्या इतिहासकारांत मिळून एक बेरीज धड लागत नव्हती, म्हणून त्यांनी मला बोलावून कोषाध्यक्ष केलं. तीन वर्षांसाठी म्हणाले होते. चौदा वर्षं मी ते काम केलं.

पैसा म्हणावा असा पैसा नव्हताच. आजीव सभासदांच्या वर्गणीची बँकेत ठेव होती. तिला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि ते व्याज अंकाच्या छपाईलासुद्धा पुरायचं नाही. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला आमचा प्रेसवाला मला पाहिलं की आधी पाणी द्यायचा आणि मग मागची बाकी सांगायचा. अधिवेशन चालायचं ते प्रतिनिधींच्या नोंदणी फीवर आणि ज्या कॉलेजात असेल त्यांच्या मेहेरबानीवर. मी चहाचीसुद्धा कुपनं छापून घेतली होती. एका माणसाला दोन कुपनं. तिसरा चहा हवा असेल तर गेटाबाहेर टपरी आहे. माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणतात ते माझ्या कानावर यायचं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच वाटायचा.

या सगळ्यात एक पाकीट होतं. समारोपाला अध्यक्षांना शाल, नारळ आणि पाचशे एक रुपयांचं पाकीट द्यायचं अशी पद्धत होती. ते न उघडता अध्यक्ष माईकपुढे उभे राहायचे आणि म्हणायचे की परिषद ही माझीच आहे, तिचे पैसे मी कसे घेऊ, हे पाकीट मी परिषदेला परत करतो. टाळ्या पडायच्या. कोणी त्यात स्वतःचे शंभर घालायचे, तेव्हा टाळ्या जरा जास्त पडायच्या. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं आणि कोणी कोणाला सांगायचंही नाही. प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षं पाहत आलेली, त्यामुळे ज्याची पाळी यायची त्याला ते आपोआप कळायचं. मी वहीत खर्चाच्या बाजूला मानधन लिहायची आणि जमेच्या बाजूला देणगी. पाकीट मी गुलमंडीतून आणलेलं, वर सोनेरी मोर. ते चिकटवायचं नाही, नुसतं दुमडायचं, म्हणजे पुढच्या वर्षी चालतं. तो मोर तीन वर्षं चालला.

त्या वर्षी अधिवेशन शहरातच होतं, क्रांती चौकापासून चालत जाता येईल अशा एका कॉलेजात. विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकाला एकदा अध्यक्षपदाचा मान द्यावा, असं कार्यकारिणीत कोणाच्या तरी मनात आलं. नाव निघालं ते सिल्लोडकडच्या एका गृहस्थांचं. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेले. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांची शाळा सुटली ती सुटलीच, पण तोवर उर्दू पक्कं झालं होतं. पुढे एका म्हाताऱ्या कारकुनाकडून मोडी शिकले आणि तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले. त्यातच जुन्या सनदा, चराईच्या पावत्या, मेंढरांच्या वाटांवरून झालेल्या भांडणांचे कागद जमवत गेले. आमच्या अंकात त्यांचे चार लेख आले होते. ते चारही लेख बाकीच्या अंकापेक्षा चांगले होते, हे माझ्यासारख्या बाहेरच्या बाईलाही कळत होतं.

सकाळीच मी त्यांच्याकडून व्हाउचरवर सही घेतली. हीही माझीच पद्धत. संध्याकाळच्या गडबडीत सह्या राहून जातात म्हणून रेव्हेन्यू स्टँप लावून आधीच उरकायचं. पाचशे एक रुपये रोख मिळाले, खाली सही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, पैसे संध्याकाळी स्टेजवर देऊ. जन्मभर लोकांचे कागद लिहिणारा माणूस, पैसे हातात पडल्याशिवाय दस्तखत करू नका असं त्यानं किती जणांना बजावलं असेल. पण त्यांनी सही केली.

अकराच्या सुमाराला आचारी अडून बसला. उरलेले पैसे आत्ता द्या, नाहीतर पुऱ्या तळणार नाही. आदल्या दिवशी शनिवार, मी बँकेत पोहोचेपर्यंत खिडकी बंद झालेली. प्रतिनिधी तर नोंदणीचे पैसे सर्टिफिकेट घेताना देणार, म्हणजे दुपारनंतर. माझ्या पेटीत फारसं काही नव्हतं. पर्समध्ये मोराचं पाकीट होतं. मी त्यातले पाचशे एक रुपये काढून आचाऱ्याला दिले. संध्याकाळी पाकीट माझ्याकडेच तर येणार होतं. अगदी रिकामं दिसू नये म्हणून त्यात अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका घडी करून घातली.

दुपारी पेटी भरली. पाकिटात नोटा परत ठेवायला मला दोन मिनिटं लागली असती, आणि वेळ होता. गरज काय, असं वाटलं.

समारोपाला शाल झाली, नारळ झाला, पाकीट दिलं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांनी पाकीट हातातच धरलं होतं आणि मी पावतीपुस्तकात देणगीची पावती लिहायला सुरुवातसुद्धा केली होती. ते म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, माझी बायको मला एकच इचारती, ह्या कागदांतून मिळतं काय? माझ्याकडं जबाब नव्हता. हे माझं पयलं मानधन हाये. म्या उघडणार नाय. हाये तसं नेऊन तिच्या हातात ठिवतो."

पाकीट त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात घातलं. इतक्या टाळ्या आमच्या परिषदेत मी कधी ऐकल्या नव्हत्या. मी अर्धवट लिहिलेल्या पावतीवर काट मारली.

मी उठून स्टेजकडे निघाले तर सर्टिफिकेटवाल्यांनी मला गराडा घातला. कोणाला बस गाठायची, कोणाच्या नावात चूक. त्यातून मी बाहेर पडले तोवर सचिवांनी अध्यक्षांना कोणाच्या तरी स्कूटरवर बसवून स्टँडवर पाठवलं होतं. माझा चेहरा पाहून सचिव हसले आणि म्हणाले, एखाद्या वर्षी नाही आलं परत तर नाही, मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता. संध्याकाळी पेटी मोजली. पाचशे एक रुपये जास्त भरले. पैसे कमी पडले तर काय करायचं हे मी मुलांना शिकवत आले होते. जास्त निघालेले मी वेगळे मोजून पर्समध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पहिल्या एसटीनं सिल्लोडला गेले आणि तिथून काळीपिवळीनं त्यांच्या गावाच्या फाट्यापर्यंत. वाटभर मनात एकच हिशेब चालला होता. त्यांनी रात्रीच पाकीट बायकोला दिलं असेल का? तिनं उघडलं असेल का? चाळीस वर्षांच्या प्रश्नावर नवऱ्यानं आणलेलं उत्तर म्हणून तिच्या हातात आमची कार्यक्रमपत्रिका आली असेल. तिला वाचता येत नसेल, पण नोट आणि कागद यांतला फरक कळायला वाचता यावं लागत नाही.

घर रस्त्याला लागूनच होतं. अंगणात मेंढरांचा वाडा, ओसरीवर फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी. मला पाहून ते चटकन उठले, आणि मी तोंड उघडायच्या आत बायकोला म्हणाले, की परिषदेच्या बाई आहेत, सिल्लोडला काम होतं म्हणून वाकडी वाट करून आल्यात.

त्यांची बायको चहा घेऊन आली आणि माझ्यासमोरच बसली. "तुमीच का पैशावाल्या बाई?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "म्या ह्यांला लई बोलले. माणसं कामाला जात्यात अन् तुमी कागदं गोळा करता, म्हणून बोलले. आता नाय बोलणार." मग ती आत जाऊन पाकीट घेऊन आली. माझंच, मोराचं. त्यातून तिनं शंभराच्या नोटा काढून माझ्यापुढे पंख्यासारख्या धरल्या. पाच होत्या. वरचा रुपया तिनं देवापुढे ठेवला होता. क्षणभर मला वाटलं की मीच चुकले, पैसे आतच होते, आचाऱ्याला दिले ते दुसरेच. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मेंढरांकडे पाहत होते.

फाट्यापर्यंत ते माझ्याबरोबर आले. घर मागे पडल्यावर मी विचारलं, पैसे कुठून आणले. सिल्लोडला उतरून, म्हणाले. तिथं स्टँप विकणारा दोस्त आहे, त्याच्याकडून घेतले. मी पर्समधून पाचशे एक रुपये काढले आणि पुढे केले. त्यांनी माझा हात हलकेच मागे सारला.

"नको, बाई. दस्तखत केली होती म्या. दस्तखत केली म्हंजी पैसे मिळाले."

मी पुन्हा हात पुढे केला. चूक माझी आहे, मी म्हणाले.

"तुमची नाय, माझी हाये," ते म्हणाले. "तिला फाटकी नोट चालत नाय, म्हणून बशीत बसल्यावर पाकीट उघडून बघितलं. कागद निगाला. मंग ध्यानात आलं. स्टेजवर बाजूला बसलेल्या मास्तरांनी इचारलं होतं, पाकीट वापस नाय केलं का, समदे अध्यक्ष करत्यात. म्हंजी समद्यांच्या पाकिटात कागदच असतो. तुमच्यातला रिवाज हाये तो. मला कुणी सांगितला नाय, अन् म्या अडाण्यासारखं घरी घेऊन आलो. एवढ्या लोकांत तुमची पंचाईत केली. माफ करा."

माणूस माझी माफी मागत होता. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मोठमोठ्या प्राध्यापकांच्या पाकिटातही कागदच होता, असं समजून ते घरी गेले असते. दोस्ताचे पैसे हळूहळू फेडले असते. मला त्या 'हो'चा फार मोह झाला.

पण मी हिशेब लिहिणारी बाई, आणि मला आदल्या वर्षीचा हिशेब आठवत होता. तेव्हाही आचारी असाच सकाळी अडून बसला होता आणि पाकीट असंच माझ्या पर्समध्ये होतं. तेव्हाचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य होते. मी रिक्षा करून घरी गेले होते आणि स्वतःचे पैसे आणून आचाऱ्याला दिले होते. पाकिटाला हात लावायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. या वर्षी आलं. का आलं ते मला रस्त्यावर उभ्या उभ्या लख्ख कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

"नाही, काका," मी म्हणाले. "त्यात पैसेच असतात. दर वर्षी. या वर्षी मी काढून घेतले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "समद्यांच्या पाकिटात असत्यात?"

"हो."

"म्हंजी माझ्याच नव्हते."

"तुमच्याच नव्हते."

मक्यानं भरलेला एक ट्रॅक्टर गेला. मग त्यांनी हात पुढे केला.

"मंग द्या."

मी दिले. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून नोटा मोजल्या, एकदा सुलट आणि एकदा उलट. रुपयाचं नाणं तळहातावर पालथं करून पाहिलं. पैसे बंडीच्या आतल्या खिशात घातले आणि गावाकडे वळले. पाहुण्या बाईला फाट्यावर एकटीला सोडून जायची त्या भागात रीत नाही. पण ते थांबले नाहीत, आणि मला थांबा म्हणायला तोंड नव्हतं. एसटीला अजून पाऊण तास होता.