तासाभरात दोन नाटकं

एम.ए.च्या परीक्षेसाठी यावलहून आलेली भाविका पिंप्राळ्यातल्या खोलीत मोबाइलवर तासाची वेळ लावून सरावासाठी दोन नाटकांची तुलना लिहायची. पहिल्या नाटकातच तिची पन्नास मिनिटं सरायची. दुसऱ्याच्या वाट्याला चार ओळी यायच्या. सोबतची डिंपल मात्र वेळेआधीच पेन ठेवून चहा टाकायची. भाविकाचा नुसता जळफळाट व्हायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी डिंपल दूध आणायला गेली, तशी भाविकानं तिची वही उघडली. प्रत्येक परिच्छेदात एकेक मुद्दा घेऊन दोन्ही नाटकं शेजारी शेजारी होती.

"चोरून काय पाहतेस बाई? विचारलं असतं तर कधीच सांगितलं असतं!" दारातून डिंपल हसली.

ते हसणं भाविकाला वहीहून जास्त झोंबलं. तरी तिनं वही मिटली नाही.

"बस मग," ती घुश्श्यातच म्हणाली, "सांग आता."