मागाच्या खोलीतली घरघर

लग्न होऊन मी उमरेडहून नागपुरात आले, तेव्हा आमच्या ह्यांनी माग सोडून लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा धरला होता. लग्न असो, भजन असो, ह्यांचा भोंगा हजर. रामटेककडच्या पुष्कळ खेड्यांत तेव्हा वीज पोचली नव्हती, म्हणून भोंग्याबरोबर मोटारीच्या बॅटऱ्या जायच्या आणि परत आल्या की घरीच चार्जिंगला लागायच्या. घरातली सगळ्यात मोठी खोली त्यांना दिली होती. बॅटऱ्यांची बडदास्त आमच्यापेक्षा बरी आहे, हे मी आल्या आठवड्यातच बोलून दाखवलं.

ती खोली मूळची मागाची. सासरे जन्मभर तिथल्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसले. मी यायच्या आधीच ते वारले होते. माग विकला गेला, पण खड्डा बुजवायचं नाव काढलं की सासूबाई उठून जायच्या. शेवटी ह्यांनी खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्यावर बॅटऱ्या मांडल्या.

कामाच्या बाबतीत हे भारी काटेकोर. मला समोर उभं करून सगळं पढवलं होतं. चार्जिंगला लावताना बॅटरीची बुचं काढायची, खिडकी सताड उघडी ठेवायची, आधी बाहेरचं बटण बंद करायचं आणि मगच चिमटे सोडवायचे. आतलं तेजाब उकळल्यासारखं बुडबुडतं, त्यातून वायू निघतो. तो दिसत नाही, पण बंद खोलीत साचला तर एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटते आणि तेजाब थेट तोंडावर उडतं. विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला हे उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देत नसत.

एवढं सांगितलं, पण त्या आवाजाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आणि सासूबाई दोघीच घरात होतो. आत कुणीतरी श्वास घेत होतं. जड, ओला, मधेच अडकणारा. बॅटऱ्याच त्या, हे मला ठाऊक होतं, तरी हातातलं काम थांबलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असेच घरघरत ते. सुताची धूळ छातीत बसली होती."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि रागही आला. नव्या सुनेला सांगायची ही गोष्ट आहे का? पण त्या दिवसापासून, कधीही न पाहिलेला तो माणूस मला आवाजाने ओळखीचा झाला. त्या दारावरून जाताना मी डोक्यावरचा पदर सारखा करायची.

मग खिडकीचं सुरू झालं. हे सकाळी उघडून जात, संध्याकाळी येऊन बघावं तर आतून कडी लावलेली. बोलणी मला बसायची. मीही ऐकून घेणारी नव्हते, आमची चांगलीच जुंपायची. एकदा मी स्वतःच्या हाताने खिडकी उघडली, खात्री केली, सरकारी नळावरून पाणी घेऊन आले, तर पुन्हा बंद. सासूबाई आपल्या जागी सूप घेऊन बसलेल्या. खोलीतून घरघर येत होती आणि आता ती मला सुखावल्यासारखी वाटली. त्यानंतर एकटीने आत जायची माझी छाती होईना.

नवरात्रात धंद्याची गर्दी. बॅटऱ्या सकाळपासून लागलेल्या, हे भोंगे पोचवायला गेलेले. दिवेलागणीला मी नळावरून परतले तर दारातच नाकाला आंबट, झोंबरा वास आला. सासूबाई मागाच्या खोलीच्या उंबऱ्यावर होत्या. एक पाय आत. तळहाताच्या आडोशाला पेटता दिवा.

आमच्यात दिवा तोंडाने फुंकत नाहीत. त्यात दिवेलागणीची वेळ, आणि सासूच्या हातातला. मी घागर टाकली, झेप घेतली आणि फुंकला. अंधार झाला. आतली घरघर तशीच चालू होती. त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, अंधारातच चाचपडत खिडकी उघडली, हवा खेळू दिली आणि मग बटण बंद केलं. कुणी लावली खिडकी, म्हणून मी ओरडलेच.

"मीच लावली वं," त्या शांतपणे म्हणाल्या. "वारं लागलं का सूत तुटते त्याइचं. अन् अंधारात कसं विणतीन ते?"

माझं माहेरही विणकरांचंच. मागाची खिडकी वाऱ्याला अशीच लावतात, आणि दिवेलागणीला मागापुढे दिवा ठेवतात. बाई जन्मभर जे करत आली, तेच करत होती. मला तिची भीती वाटली आणि रडूही आलं.

हे आल्यावर आधी संतापले, मग तिच्यापाशी बसून त्यांनी सगळं समजावलं. वायू कसा साचतो, डोळे कसे जातात, आवाज तेजाबाच्या बुडबुड्यांचा कसा. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. तू म्हणतोस तर तसंच असेल, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी अंगणाच्या पार टोकाला चारी बाजूंनी मोकळं टिनाचं छप्पर टाकलं आणि बॅटऱ्या तिकडे हलवल्या. माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी सासूबाईंनी खड्ड्यापाशी दिवा लावला, आता अडवायचं कारण नव्हतं. बराच वेळ त्या कान देऊन बसल्या. खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मग उठल्या, न्हाणीत गेल्या, केस सोडले आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. तशाच निथळत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"गेले वं," म्हणाल्या.

हे दारातच होते. काल एवढं समजावणारा माणूस मुकाट आत आला. बनियन काढून खुंटीला अडकवलं आणि न्हाणीत जाऊन स्वतःच्या डोक्यावर पाणी ओतलं. त्या रात्री मी चूल पेटवली नाही.