तेवीस घरांचं एकच उत्तर

"खोटं कोण बोललं, नाव घ्या की," मंगल म्हणाली. "मग मी बी बोलते."

मी म्हटलं, "नाव कशाला? अख्खी गल्लीच खोटी हाय."

अंगणवाडीच्या ओट्यावर सर्वेच्या मॅडम फॉर्म पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. घरातल्या आणि गल्लीत मारतात त्या कीटकनाशकांचा लहान मुलांना किती धोका आहे, हे त्यांना शोधायचं होतं. आमच्या तेवीसच्या तेवीस घरांनी लिहून दिलं होतं, 'काही वापरत नाही.'

"मी काही पाहिलं तरी लिहून दिलेलंच धरतात. मग ही गल्ली यादीतून जाईल, आजी," मॅडम म्हणाल्या. "तपासणी दुसऱ्या गल्लीतल्या मुलांची होईल."

आठवडाभर मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरले होते. शाळा मी पाहिली नाही. किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले, त्यामुळे डब्यावरचा बारीक मजकूरही सोडत नाही. आणि असे किस्से चपलेत खडे साठावेत तसे साठतात. काढावेत म्हटलं तर आता वाकवत नाही.

पहिलं घर मंगलचंच. पाळण्यात तान्हं, पाळण्याखाली डासांची कॉईल धुमसतेय. मॅडमनी विचारलं, "डासांसाठी काही वापरता?" मंगल म्हणाली, "न्हाय." मी खाली बोट दाखवलं.

"ती व्हय? ती काय औषध हाय? ती रोजचीच हाय की."

पुढच्या घरात ज्वारीच्या कोठीत कीड मारायच्या गोळ्या, आणि त्याच खोलीत दोन पोरं झोपतात. बाप म्हणाला, "लई उग्र वास येतो, आजी. पोरं खोकतात. गल्लीला तरास नको म्हणून खिडकी लावून घेतो."

एवढा शेजारधर्म मी जन्मात पाहिला नाही.

एकानं डाळिंबाच्या बागेतून औषधाचा रिकामा कॅन आणून त्यात प्यायचं पाणी भरलं होतं. "राखेनं तीनदा घासलाय," म्हणाला. मी कॅनवरचं वाचून दाखवलं, रिकामा झाल्यावर फोडून पुरून टाकावा.

त्यानं कॅन बोटानं वाजवला. "एवढा मजबूत माल कोण फोडंल?"

फॉर्मवर एक प्रश्न होता, मूल जमिनीवर खेळतं का? एका सासूनं मॅडमना खालीवर न्याहाळलं. "न्हाय. माळ्यावर ठिवतो." तिच्या मागं नातू झुरळांच्या खडूची रेघ तळहातानं पुसत रांगत होता.

डास मारायची धुराची गाडी आली की गल्लीतली सगळी पोरं तिच्यामागं धावतात. मी गाडी अडवली. तोंडाला ओला रुमाल बांधलेला माणूस आतून म्हणाला, "पोरांना काय होत न्हाय, आजी."

"मग तुला रुमाल कशाला?"

"मला रोजचं हाय ना."

तर त्या दिवशी ओट्यावर जमलेल्या बायकांपुढं मी हे सगळं घराघराच्या नावासकट सुनावलं. मंगलच तेवढी उभी राहिली. तिचं बाळ खांद्यावर होतं आणि त्याची छाती लांबूनही ऐकू येईल अशी घरघरत होती. तपासणी व्हायला हवी होती ती त्याचीच.

"खरं कसं सांगायचं?" ती म्हणाली. "सांगितलं की उद्या नळावर तुमीच म्हणणार, आईनंच लेकराला विष दिलं. मॅडमची भीती न्हाय आमाला. तुमच्या तोंडाची हाय."

"माझं तोंड खरं बोलतं."

"तुमचं काय जातंय बोलायला? तुमी कदी चुकलाय व्हय?"

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मॅडम फॉर्म गोळा करून पिशवीत भरत होत्या. बाळ खोकलं, मंगलनं त्याची पाठ चोळली. मी मॅडमच्या हातातून एक कोरा फॉर्म ओढून घेतला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"लिवा मॅडम, पयलं घर माझं," मी म्हणाले. "मैंदर्गीला असताना माझ्या चार वर्साच्या पोरीच्या केसात उवा मारायला तुरीवर फवारायचं औषध मीच चोळलं, आणि तिला फेफरं आल्यावर डॉक्टरनं इचारलं, डोक्याला काय लावलं व्हतं का, तवा मी बी न्हायच म्हणले."